एक पिस्तूल की दोन?
(रायपूरमधील तेलीबांधा येथे नवोदित नेमबाज व त्यांचे पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तेलीबांध्याच्या तळ्याकाठी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना येथून जाणारी छोटी आगगाडी आठवत असेल. रायपूर ते धमतरी हा लोहमार्ग ७६२ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे अरुंद मापाचा होता. शहरातील त्याच्या पट्ट्यावर आता मोटारींचा रस्ता झाला आहे. जुना मार्ग रुंद करून घ्यावा की त्याच्या शेजारी नवा टाकावा, हा प्रश्न लोहमार्गाच्या बाबतीत ठिकठिकाणी उपस्थित होतो. जुन्याचे रूपांतर केल्यास जागा वाचते. परंतु काम चालू असेतोवर जुनी गाडीही बंद आणि नवीही बंद. नवा मार्ग टाकल्यास खर्च वाढतो; परंतु एकावर अडचण आली तरी दुसरा चालू राहतो. पिस्तुलाच्या नेमबाजीत शिरणाऱ्या तरुणापुढे आणि त्याच्या घरच्यांपुढे नेमका याच स्वरूपाचा प्रश्न येतो. एकाच पिस्तुलाला दुसऱ्या मापाची नळी बसवून काम भागवावे, की सरावासाठी स्वतंत्र पिस्तूल घ्यावे? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

प्रथम काडतुसांचा विचार करू. पिस्तुलाची काडतुसे दोन जातींची असतात. एका जातीत पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी एक टोपी बसवलेली असते. तिच्यावर आघात झाला की दारू पेटते. दुसऱ्या जातीत वेगळी टोपी नसते. पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेतच भरलेले असते आणि आघात त्या कडेवर होतो. या दुसऱ्या जातीला रिमफायर म्हणतात. ०.२२ इंची काडतूस हे तिचे सर्वांत प्रचलित रूप होय. कड चेपली जावी यासाठी पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्र्याला फार दाब सोसत नाही. म्हणून रिमफायर काडतूस स्वभावतःच सौम्य असते. ते स्वस्त असते, त्याचा आवाज कमी असतो, धक्का अल्प असतो. आणि एकदा उडालेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

या सौम्यतेचे मोजमाप करता येते. ०.२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची असते आणि पिस्तुलातून सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने निघते. स्पर्धेत वापरली जाणारी ०.३२ ची सपाट तोंडाची गोळी सुमारे ६.४ ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास असतो. पोलीस व सैन्य यांच्याकडील ९ मिलिमीटरची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, आणि तिचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या घरात. हाताला बसणारा धक्का मुख्यतः वजन आणि वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. त्या हिशेबाने ०.३२ चा धक्का ०.२२ च्या जवळजवळ दुप्पट, तर ९ मिलिमीटरचा साडेतीन पट भरतो. पुढील सारे विवेचन या तीन आकड्यांभोवती फिरते.

मोठ्या शस्त्रावर लहान काडतुसाने सराव करण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यात मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नळीत एक बारीक नळी सरकवून थोड्या अंतरावर सराव करीत. तिला मॉरिस नळी म्हणत. पुढे ली-एन्फिल्ड रायफलींना ०.२२ ची नळी बसवण्यात आली. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या कॅडेटांनी ज्या ०.२२ च्या रायफलींवर नेम धरायला शिकले, त्यांत अशा रूपांतरित रायफली होत्या, आणि ईशापूरच्या कारखान्यात मुळातच ०.२२ साठी बनवलेल्या डीलक्स रायफलीही होत्या. म्हणजे आजच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे छात्रसेनेने एकाच वेळी वापरून पाहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

पिस्तुलाच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. स्वयंभरण पिस्तुलाची स्लाइड प्रत्येक गोळीनंतर धक्क्याच्या जोरावर मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर टाकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलते. मोठ्या काडतुसासाठी बनवलेली जड स्लाइड ०.२२ च्या अल्प धक्क्याने हलत नाही. यावर दोन उपाय निघाले. पहिला, स्लाइडच हलकी करणे. आजचे बहुतेक बदल-संच याच तत्त्वावर ॲल्युमिनियमच्या हलक्या स्लाइडसह येतात. दुसरा उपाय डेव्हिड मार्शल विल्यम्स या अमेरिकन कारागिराने शोधला. हा मनुष्य एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल शिक्षा भोगत होता आणि बंदुकांच्या यंत्रणेविषयीचे त्याचे विचार तुरुंगातच आकारास आले. नळीच्या मागचा काडतूस बसण्याचा कप्पा त्याने सुटा केला. दारूचा वायू त्या कप्प्याच्या तोंडावर दाब देऊन त्याला मागे लोटतो, आणि त्यामुळे लहान काडतुसाचा धक्का वाढून मोठ्यासारखा भासतो. कोल्ट कंपनीने १९३१ साली ०.२२ चे एस नावाचे पिस्तूल काढले होते; त्याच दशकाच्या उत्तरार्धात विल्यम्सची ही युक्ती वापरून सुधारलेले पिस्तूल आणि जुन्या ०.४५ च्या पिस्तुलावर बसणारा बदल-संच बाजारात आला. नेमबाज ज्याला कन्व्हर्शन किट म्हणतात, त्याचा इतिहास असा आहे.

अमेरिकेत हा प्रश्न बहुधा असा विचारला जातो, की ९ मिलिमीटरचे किंवा ०.४५ चे पिस्तूल घरात आहेच, त्यावर ०.२२ चा संच बसवावा काय? भारतात तो जसाच्या तसा लागू पडत नाही. ९ मिलिमीटर आणि ०.४५ ही मापे येथे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहेत. नागरिकाच्या परवान्यावर ०.३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते, आणि क्रीडा-नेमबाजाकडे प्रथम येते ते ०.२२ चे पिस्तूल. त्यामुळे येथील प्रश्नाची दिशा उलटी असते: ०.२२ चे पिस्तूल आले, आता ०.३२ च्या स्पर्धेत उतरायचे तर त्याच सांगाड्यावर ०.३२ चा वरचा भाग बसवावा, की ०.३२ चे वेगळे पिस्तूल घ्यावे?

ही ०.३२ ची स्पर्धा म्हणजे २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल. तीत साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश, पाच-पाचांच्या फेऱ्यांत, प्रत्येक फेरीला पाच मिनिटे. नंतरच्या तीस झटपट: लक्ष्य तीन सेकंद समोर येते, तेवढ्यात एक गोळी, मग सात सेकंदांचा विराम. स्त्रियांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा याच क्रमाने चालते. फक्त तीत पिस्तूल ०.२२ चे असते. दोन्हींत चाप ओढण्यास किमान १००० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, असा नियम आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली पालेंबांग येथे आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. सेंटर फायरमध्ये मुंबईचे अशोक पंडित यांनी १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. २००६ साली दोहा येथे जसपाल राणा यांनी ६०० पैकी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, तीही याच प्रकारात. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही; परंतु राष्ट्रीय आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत त्याला स्थान आहे.

या खेळाशी मराठी माणसाचा संबंध केवळ पदकांपुरता नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघ १९५१ साली स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी सांभाळली. घराणे कोकणातले, जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी कुटुंबांना, आणि पर्यायाने रायपुरातील श्रोत्यांना, हे उदाहरण परके वाटू नये. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढण्यासाठी नवोदितांना जी अखिल भारतीय स्पर्धा खेळावी लागते, तिला मावळंकरांचेच नाव आहे.

आता बदल-संचाच्या बाजूचा विचार. जर्मनीच्या वाल्थर कंपनीचे जी.एस.पी. हे पिस्तूल १९६८ पासून प्रसिद्ध आहे. त्याच्या सांगाड्यावर ०.२२ चा वरचा भाग काढून ०.३२ चा बसवता येतो. मूठ तीच राहते. क्रीडा-नेमबाजाच्या मुठीचे महत्त्व बाहेरच्या माणसास सहसा कळत नाही. ती अक्रोडाच्या लाकडाची असते. खेळाडू तिला कानस लावून, लाकडी लगदा भरून, महिनोन् महिने आपल्या पंजाच्या मापाची करीत असतो. मूठ तीच राहिली, तर मनगटाचा कोन तोच राहतो आणि हात उचलताच माशी व खाच एका रेषेत येतात. वरच्या भागाबरोबर त्याची स्वतःची माशी व खाच येत असल्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने नेम जुळवावा लागत नाही. ज्या संचात मूळ पिस्तुलाचीच खाच वापरावी लागते, तेथे मात्र बदल केला की नेमही पुन्हा जुळवावा लागतो. घेण्यापूर्वी हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दुसरा लाभ खर्चाचा. एक उदाहरण घेऊ. एखादा खेळाडू आठवड्यातून तीन दिवस, दर दिवशी साठ गोळ्या, वर्षातील पन्नास आठवडे सराव करतो असे मानले, तर वर्षाला ९००० गोळ्या होतात. त्या ०.२२ च्या असतील तर नुसते शिसे भरते २३ किलोग्रॅमहून थोडे अधिक, ०.३२ च्या असतील तर ५७ किलोग्रॅमहून अधिक. पितळ आणि दारू यांचा हिशेब निराळाच. ज्या घरात एका पगारावर चौघांचे चालते, तेथे हा फरक मुलीचा सराव चालू राहणे आणि बंद पडणे यांतील फरक ठरू शकतो. म्हणून ०.३२ चा खेळाडूही बहुतांश गोळ्या ०.२२ च्याच झाडतो. स्पर्धा जवळ आली की मोठ्या काडतुसाकडे वळतो. अशा खेळाडूला एकच सांगाडा सोयीचा वाटला तर नवल नाही.

आता उलट बाजू. पहिला आक्षेप धक्क्याचा. ०.२२ वर चाप ओढण्याची रीत, श्वासाचा ताल आणि माशीवरची नजर हे सर्व शिकता येते. दुप्पट धक्का सोसून हात पुन्हा जागेवर आणणे शिकता येत नाही. सेंटर फायरच्या झटपट टप्प्यात दोन गोळ्यांमध्ये सात सेकंद मिळत असल्याने ही उणीव काही अंशी झाकली जाते. पोलिसाच्या सरावात, जेथे दुसरी गोळी पहिलीच्या पाठोपाठ जाते, तेथे ती झाकली जात नाही. तेथे ०.२२ च्या संचावर मिळवलेले कौशल्य अपुरे ठरते आणि ठरावीक प्रमाणात मूळ काडतुसाचा सराव करावाच लागतो. हा आक्षेप अर्थातच ०.२२ च्या स्वतंत्र पिस्तुलालाही तितकाच लागू आहे. दोहोंपैकी कोणतेही घेतले तरी धक्क्याचा धडा मोठ्या काडतुसाकडूनच घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्व भार एकाच सांगाड्यावर पडतो. चापाची यंत्रणा बिघडली, तर ०.२२ ही गेले आणि ०.३२ ही गेले. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच खेळाडूने २०२४ साली पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळवली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मधली तीन वर्षे तिला त्या मिनिटांची आठवण घेऊन काढावी लागली असतील. एका शस्त्रावर सर्वस्व अवलंबून ठेवण्याची किंमत कधी कधी अशी द्यावी लागते. ज्याच्याकडे दोन पिस्तुले आहेत, त्याचे एक दुरुस्तीस गेले तरी सराव थांबत नाही. आणि ही दुरुस्ती बहुधा गावात होत नाही, सुटा भाग परदेशातून यावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे या लाभाचे वजन वाढते.

तिसरा मुद्दा निगेचा. ०.२२ च्या शिसाच्या गोळीवर मेणासारखा थर असतो. दारूची काजळी आणि तो थर मिळून यंत्रणा लवकर मळते. वारंवार भाग काढण्या-घालण्यात सांध्यांत ढिलाई येण्याचा संभव असतो. रिमफायर पिस्तूल रिकामे असताना चाप ओढल्यास फायरिंग पिन नळीच्या कडेवर आदळून दोन्हींना इजा होऊ शकते. म्हणून निर्मात्याची सूचना वाचल्याखेरीज रिकामा सराव करू नये, किंवा खोटे काडतूस घालून करावा.

यानंतर कायद्याचा विचार करावयास हवा, कारण भारतात निवड पुष्कळदा येथेच ठरते. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे शस्त्राचे सुटे भागही ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेत मोडतात. म्हणजे बदल-संचातील नळी ही दुकानातून सहज उचलून आणण्याची वस्तू नव्हे. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, माप आणि क्रमांक लिहिलेला असतो. दुसऱ्या मापाची नळी घरात आली की तिची नोंद व परवानगी हवीच. २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात विनापरवाना रूपांतर करणे हाही अपराध ठरवला आहे. एखाद्या कारागिराकडून लेथवर नळी बदलून घेण्याचा विचार तर मनातही आणू नये. त्यात कायद्याचा भंग आहेच, शिवाय हात आणि डोळा गमावण्याचा धोका आहे.

त्याच दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. तीनची मर्यादा १९८३ पासून होती. नेमबाजांसाठी मात्र फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सवलती वाढवल्या: उदयोन्मुख नेमबाजाला पूर्वी एक शस्त्र ठेवता येत असे, ते दोन झाले, आणि नामवंत नेमबाजाला प्रकारांच्या संख्येनुसार आठ, दहा किंवा बारापर्यंत मुभा मिळाली. सरावाच्या काडतुसांची मर्यादाही वाढली. नवोदिताच्या हाती दोनच जागा आहेत, याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. त्यांतील दुसरी जागा घाईने भरली, तर पुढे आवड बदलून स्टँडर्ड पिस्तुलाकडे किंवा रॅपिड फायरकडे वळावयाचे झाल्यास वाट अडते. संच किंवा दुसरे पिस्तूल यांसाठी पैसे देण्यापूर्वी जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून आणि राज्य रायफल संघटनेकडून लेखी खुलासा घेणे हेच शहाणपणाचे.

मग निर्णय कसा करावा? ज्याने अद्याप वर्षभरही नियमित सराव केलेला नाही, त्याने दोन्हींपैकी काहीच घेऊ नये. १० मीटर एअर पिस्तुलात ४.५ मिलिमीटरची छर्ऱ्याएवढी गोळी असते, चाप किमान ५०० ग्रॅमचा असतो, आणि हात स्थिर ठेवण्याचे जवळजवळ सारे शिक्षण त्यावर होते. जो ०.२२ च्याच स्पर्धा खेळणार आहे, त्याने एक चांगले ०.२२ चे पिस्तूल घ्यावे आणि दुसरी जागा रिकामी ठेवावी. ज्याला ०.३२ ची ओढ लागली आहे, पण तो क्वचितच त्या स्पर्धेत उतरतो, त्याला बदल-संच पुरेसा आहे. मूठ एक राहील आणि खर्च आटोक्यात राहील. ज्याची ०.२२ आणि ०.३२ या दोन्ही प्रकारांत राज्याच्या संघासाठी निवड होऊ लागली आहे, त्याने स्वतंत्र पिस्तूल घ्यावे. आणि शक्य तर एकाच निर्मात्याचे, सारख्या घडणीचे. इटलीच्या पार्दिनी कंपनीची ०.२२ व ०.३२ ची पिस्तुले हाताला इतकी सारखी लागतात, की मुठीचा प्रश्नही बव्हंशी सुटतो.

निवड कोणतीही असो, एक कसोटी सर्वांनी घ्यावी. मार्गदर्शकाने खेळाडूच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादे खोटे काडतूस मिसळावे. खोट्यावर चाप ओढला जाताच नळीचे तोंड खाली झुकले, तर धक्क्याच्या भीतीने हात आधीच दचकतो आहे असे समजावे. अशा खेळाडूला ०.३२ वरून पुन्हा ०.२२ वर आणावे, आणि दचक जाईपर्यंत तेथेच ठेवावे. हा दोष नव्या शस्त्राने जात नाही. तो पालकांच्या लक्षात आला नाही, तर महागडे पिस्तूल घेऊनही गुण घसरत जातात आणि दोष मुलाच्या माथी मारला जातो. असे एकही मूल निष्कारण निराश होऊ नये, यासाठी हा सारा खटाटोप.

शेवटी एक विनंती. शस्त्र आणि काडतुसे घरात वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत, आणि सरावाची एक वही ठेवावी. तारीख, काडतुसाचे माप, गोळ्यांची संख्या, गुण, पिस्तुलातील बिघाड, एवढ्या नोंदी पुरेत. सहा महिन्यांनी ती वही उघडली, म्हणजे ०.२२ च्या किती गोळ्या झाडल्या, ०.३२ च्या किती, आणि पिस्तूल किती वेळा अडले, हे स्पष्ट दिसेल. दुकानदाराच्या शब्दाआधी आणि मित्राच्या सल्ल्याआधी त्या वहीचे मत विचारावे. आणि मगच एक पिस्तूल की दोन, याचा निर्णय घ्यावा.